कोपीत वाचायचा पेपर

ऊसतोडणीला जाणाऱ्या घरांसाठी पाक्षिक काढायचं मनात आलं, तेव्हा मी सगळ्यात आधी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "पेपर टाकणार कुठं? आपल्या लोकांच्या दाराला सहा महिने कुलूप असतंय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरचं दीड वर्ष बहुतेक याच प्रश्नामागं गेलं. मजकूर काय द्यायचा, पानं किती, पैसा कुठून आणायचा, हे सगळं करावं लागलंच. पण वाचक कुठे बसून, कोणत्या वेळी, कुणाच्या आवाजात आपला पेपर वाचणार आहे, हे कळल्याशिवाय त्यातलं एकही धड ठरत नव्हतं.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला. आईवडिलांनी बावीस हंगाम कोयता हाणला. मी आणि बहीण आजीजवळ राहून शिकलो. पुढे एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत अकरा वर्षं उपसंपादक होतो. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला, तेव्हा त्या बातम्या माझ्या हाताखालून जात होत्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडे आले, जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मी त्या आकड्यांचा मथळा केला. पहिल्या पानावर, आठ कॉलमी. दुसऱ्या दिवशी गावी गेलो तर ज्या मावशीचं ऑपरेशन झालेलं मला माहीत होतं, तिला असं काही छापून आल्याचा पत्ताच नव्हता. तिनं विचारलं, "त्यात काय लिहिलंय? आता पुढं काय खायचं, काय जपायचं, ते लिहिलंय का?" ते लिहिलेलं नव्हतं. आम्ही तिच्यावर लिहिलं होतं, तिच्यासाठी नव्हतं लिहिलं. ही बोच मनात राहिली ती राहिलीच.

राज्यात ऊसतोड मजूर दहा-बारा लाख आहेत असं सांगितलं जातं. उसाच्या शेतकऱ्यासाठी लिहिणारे खूप आहेत. शेतीला वाहिलेलं 'ॲग्रोवन'सारखं दैनिक २००५ पासून चालू आहे. पण तोच ऊस तोडणाऱ्याला हव्या असलेल्या बातम्या वेगळ्या. वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भाव कुठे काय चाललाय? कोणत्या कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे गाळप कधी संपणार? टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत आपल्या नावावर किती टन लागले? मुलाला हंगामी वसतिगृहात ठेवायचं तर नाव कुणाकडे द्यायचं? जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि मुकादमाचं कमिशन २० टक्क्यांवर गेलं. मोठ्या पेपरांनी त्या दिवशी ते छापलं. पण टनामागं आता नेमके किती रुपये धरायचे, हे पुढच्या हंगामातही तोडणीच्या कितीतरी फडांवर जोडप्यांना सांगता येत नव्हतं.

आम्ही तिघं जमलो. मी, डीटीपीचं दुकान चालवणारा वर्गमित्र आणि हंगामी वसतिगृह सांभाळलेल्या, आता निवृत्त झालेल्या आमच्या बाई. पहिला आराखडा मी केला आणि तो पुरा दैनिकाचा होता. बारा पानं, अग्रलेख, आतल्या पानावर राजकारण, मागं क्रीडा. बाईंनी तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुझ्या ऑफिसातल्या माणसांना आवडेल." मग आठ पानांचा टॅब्लॉइड करायचं ठरलं. डिसेंबर २०२४ मध्ये नमुना अंकाच्या साठ प्रती काढल्या आणि त्या घेऊन आम्ही फडांवर गेलो.

त्या वर्षी गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. आमच्या भागातल्या पुष्कळ टोळ्या त्याआधीच गाव सोडून गेल्या होत्या. त्यामुळे नमुना अंकात पहिल्या पानावर मी मतदानाचीच बातमी घेतली होती. किती जणांचं मत बुडालं, कुणी निवेदन दिलं, कोण काय म्हणालं. लिहिताना मला ती फार महत्त्वाची वाटली होती आणि अजूनही वाटते.

कराडच्या अलीकडे एका टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, होत्या. संध्याकाळी साडेसात झाले असतील. ट्रॅक्टर भरून गेला होता आणि बाया चुलीपुढे होत्या. आठवीतला एक मुलगा शाळा सोडून आईबापाबरोबर आला होता. धाकट्या बहिणीला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. त्याच्या हातात अंक दिला. त्यानं मोबाइलची बॅटरी लावली, अंक गुडघ्यावर पसरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सात-आठ माणसं जमली. पहिल्या वाक्यात तो दोनदा अडखळला. ते वाक्य एकतीस शब्दांचं होतं, नंतर मी मोजलं. दुसऱ्या वाक्यात 'यासंदर्भात' आणि 'पार्श्वभूमीवर' आलं, तिथं तो थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात चुलीपासून एक बाई बोलली, "लेका, तू दमलास. त्यायनी लिहिताना दम घेतलाच नाही."

घरी परतल्यावर आम्ही सगळा अंक पुन्हा लिहिला. वाचणारा एक आणि ऐकणारे आठ असतील, तर वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात मावायला पाहिजे. एका श्वासात संपेल तेवढंच वाक्य ठेवायचं. बातमीत माणूस, ठिकाण आणि रक्कम आधी सांगायची, कोण काय म्हणालं ते नंतर. 'सदर', 'उपरोक्त', 'अनुषंगानं' एकदम बाद. अक्षर दैनिकात दहा पॉइंटच्या आसपास असतं, ते आम्ही पंधरावर नेलं. त्यानं पानावर मजकूर निम्मा बसायला लागला. मित्राला भीती वाटत होती की अंक रिकामा दिसेल. बाईंनी दोन्ही पानं चुलीच्या उजेडात धरून दाखवली, मग तोही बोलला नाही.

त्याच रात्री दुसरी एक गोष्ट कळली, आणि तिनं पेपरचं रूपच बदललं. सातव्या पानावर आम्ही एक छोटा रकाना टाकला होता. तारीख, पावती नंबर, वजन, खाली एकूण. पान भरायला म्हणूनच टाकला होता, खरं तर. मुलगा त्या पानावर आला तसे दोघं-तिघं पुढं सरकले. एकानं पेन मागितला. खिशातून घामानं मऊ पडलेल्या वजनाच्या पावत्या काढल्या आणि तिथंच भरायला बसला. पेन न्यूजप्रिंटमधून आरपार गेला. दुसऱ्यानं पान फाडून घडी करून टोपीत ठेवलं. बाकीचा अंक भाकरीखाली गेला.

बातमी वाचून झाली की पेपर टाकायचा, ही सवय रोज नवा पेपर दारात पडणाऱ्यांची. या घरांना जपून ठेवण्यासारखा कागद हवा होता.

मग आम्ही हिशेबाचं पान अंकापासून वेगळं केलं. अंक ४५ जीएसएमच्या पातळ न्यूजप्रिंटवर आणि हिशेबाचं पान सत्तर जीएसएमच्या जाडसर मॅपलिथो कागदावर, आत सुटं घातलेलं. प्रत्येक अंकाबरोबर पंधरा दिवसांच्या पंधरा ओळी. पुढचा अंक घेतला की पुढचं पान मिळणार. पण त्याचे रकाने ठरवताना आमची खरी परीक्षा झाली. पहिला रकाना मी बैलगाडीवाल्यांच्या डोळ्यानं केला होता, कारण माझ्या घरी गाडी होती. जोडप्यानं गाडी भरली, काट्यावर वजन झालं, पावती त्यांचीच. ट्रॅक्टरवर जाणाऱ्या टोळीचं तसं नाही. तिथं पूर्ण ट्रॉलीचं एक वजन होतं आणि ते कोयत्यांमध्ये, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्यांमध्ये, वाटलं जातं. त्या दिवशी कोण आजारी होतं, कुणाचा खाडा म्हणजे गैरहजेरी धरली, खाड्याचे पैसे कुणी कापले, यावर वाटणी फिरते. टोळीतल्या माणसानं आमचं पान बघून सरळ सांगितलं, "हे गाडीवाल्याचं हाय. आमचा घोळ भागाकारात असतोय." मग दोन पानं झाली. एक गाडीचं, एक टोळीचं. टोळीच्या पानावर हजर कोयते किती, हा रकाना वाढला.

आता आईचा प्रश्न. टपालानं पाठवायचं तर पत्ता कुणाचा? फडाला पत्ता नसतो, आणि एका गावचा ऊस संपला की कोप्या उठतात. 'दीनबंधु' या जुन्या साप्ताहिकाचा इतिहास वाचताना मला याचाच हेवा वाटायचा. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये तो सुरू केला, पुढे १८८० पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतून चालवला. लोखंड्यांपुढचा गिरणी कामगार निदान रोज त्याच दारातून आत जात होता. आमचा वाचक सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरपासून बेळगाव-बागलकोटपर्यंत पांगलेला.

सोपा मार्ग मुकादमाचा होता. प्रत्येक टोळीचा मुकादम, त्याच्याकडे गठ्ठा दिला की काम झालं. दोन मुकादम आपणहून तयारही झाले. पण ज्या पेपरात उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, आणि टनांचा हिशेब छापायचा, तो मुकादमाच्या हातून वाटायचा, हे आम्हाला पटेना. सगळे मुकादम वाईट नसतात. माझा चुलता मुकादम होता आणि त्याच्या वहीत एका रुपयाची खोट नव्हती. तरीही वाचकाला पेपर कुणाच्या हातून मिळतो, त्यावर तो पेपर कुणाचा हे ठरतं.

उत्तर शेवटी काट्यावर सापडलं. कारखान्याच्या गाडीतळावर गाड्या आणि ट्रॅक्टर नंबर लागेपर्यंत उभे असतात. कधी चार तास, कधी रात्र निघते. तिथं चहाच्या टपऱ्या असतात. सगळ्या हंगामात माणूस रिकामा बसतो तो तिथंच. आम्ही सात कारखान्यांच्या गाडीतळांवरचे टपरीवाले गाठले. अंक पाच रुपयांना, त्यातला एक रुपया त्यांचा. बीडहून गठ्ठे एसटीनं पाठवायचे आणि स्टँडवरून टपरीवाल्यानं उचलायचे. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणि वसतिगृहातल्या पोरांसाठी तेवढं टपाल. उन्हाळा-पावसाळ्यात मात्र उलटं. तेव्हा वाचक घरी असतो, म्हणून शाळा आणि आठवडी बाजार.

पाच रुपये किंमत ठेवण्यावर बराच खल झाला. बाईंचं म्हणणं होतं की फुकट द्यावा, कारण पाच रुपयांत पोराचा बिस्किटपुडा येतो. पण फडावर आम्ही विचारलं तेव्हा बहुतेकांनी फुकट नको म्हणून सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "फुकटचा कागद निवडणुकीत येतो." पैसे दिले तरच तो आपला वाटणार होता. आमच्या हिशेबानं तीन हजार प्रतींना कागद, प्लेटा, छपाई आणि वाहतूक धरून अंकामागे पाचाच्या वरच खर्च जातो. त्यात मशीन रंगावर येईपर्यंत दोन-अडीचशे अंक रद्दीत जातात, हे छपाईवाल्यानं आधीच सांगून ठेवलं. उरलेलं जाहिरातीतून काढायचं. कारखान्याची आणि मुकादमाची जाहिरात घ्यायची नाही, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवलंय. एका खाजगी दवाखान्यानं वर्षभर पूर्ण पान घ्यायची तयारी दाखवली होती. २०१९ मधल्या त्या मावशीचा चेहरा डोळ्यापुढे आला आणि आम्ही नाही म्हणून कळवलं. त्या पैशात चार महिने निघाले असते. झोप लागली नाही त्या रात्री, पण निर्णय फिरवला नाही. सध्या कापड दुकान, मोबाइल दुरुस्ती, गाडीचे टायर आणि रविवारच्या बाजारातल्या भांडेवाल्यांच्या छोट्या जाहिराती जमवतोय.

नोंदणीचं काम मला सगळ्यात किचकट वाटलं होतं, ते त्या मानानं सरळ निघालं. १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय. आधी दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन डिक्लेरेशन करावं लागायचं, ते आता नाही. प्रेस सेवा पोर्टलवर अर्ज करायचा, नाव आणि नोंदणी दोन्ही एकाच अर्जात. जिल्हा प्रशासनाला आपलं म्हणणं कळवायला साठ दिवस असतात. अडचण येते ती नावाची. मराठीत देशात कुठेही, किंवा आपल्या राज्यात कोणत्याही भाषेत, तेच किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव आधी असेल तर मिळत नाही. आणि मराठीत नावं किती अडलेली आहेत, हे शोधायला बसल्यावरच कळतं. 'श्रम', 'कष्ट', 'संघर्ष' या शब्दांना हात लावायची सोय नाही.

माझ्या मनात 'ऊसतोड' हा शब्द नावात हवा होता. बहिणीनं तो उडवला. ती स्वतः दहा हंगाम गेली आहे. "माझ्या लेकीनं वसतिगृहात हा पेपर उघडायचा आणि बाकीच्या पोरींनी वरचं नाव वाचायचं. तिला नर्स व्हायचंय दादा. आपण काय करतो ते आत लिहा, कपाळावर लिहू नका." यावर बोलण्यासारखं काही उरलंच नाही. पसंतीक्रमानं नावं पाठवली आहेत, एकातही ऊस नाही. मंजुरी यायची आहे, म्हणून ती इथं लिहीत नाही. नोंदणी क्रमांक हातात आल्यावर मग टपाल खात्याची सवलतीची वेगळी नोंदणी. तोवर टपालाचे अंक पूर्ण दरानं जातील. सुट्या पानासकट अंक किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून पाहिला, तीस ग्रॅमच्या आत बसतो.

पहिला अंक कधी काढायचा यावरही घोळ होता. मित्राला दसरा हवा होता. मुहूर्ताचा दिवस, जाहिराती मिळतात. आई म्हणाली, "दसऱ्याला कुणाचं चित्त जाग्यावर असतं का? गाठोडी बांधायची असतात, म्हाताऱ्यांची सोय लावायची असती. पोळ्याला द्या. बैल धुतलेले असतात, माणूस घरी असतो, हातात उचलीतलं थोडं काही उरलेलं असतं." पोळा ठरला. त्यामुळे पहिल्या अंकाचा मुख्य मजकूरही ठरला. उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, रक्कम कुणासमोर मोजली ते लिहून ठेवा, मागचं फिरतं, म्हणजे जुनी बाकी, किती आणि नवं किती ते वेगळं लिहून घ्या. बाईंनी हे सगळं दोन बायकांच्या संवादात लिहिलंय, वाचायला घेतलं की थांबवत नाही.

डिसेंबरमध्ये परतताना हिशेबाच्या पानांच्या झेरॉक्स करून चाळीस जोड्यांना पूर्ण हंगामापुरत्या दिल्या होत्या. पाडव्यानंतर लोक गावी आले, तेव्हा ती पानं परत बघायला मी दहा-बारा गावं फिरलो. भरलेले सतरा संच हाती लागले. काही भिजले होते, काहींत जानेवारीनंतर कोरं होतं. एका घरी कोपीत चुलीजवळ बोललेली तीच बाई भेटली. तिनं पेटीतून कापडात गुंडाळलेली पानं काढली. अक्षर मुलाचं होतं, त्या आठवीतल्याच. हंगाम संपेपर्यंत एक दिवस चुकलेला नव्हता. मुकादमाच्या वहीत त्यांच्या कोयत्यावर अकरा टन कमी लागले होते. त्या हंगामाच्या दरानं चार हजारांच्या वर रक्कम होत होती. पानं पुढं ठेवल्यावर मुकादमानं सहा टन कबूल केले, पाचांवर खाडे दाखवले. त्यातले दोन खाडे तिला मान्य होते, बाकीच्यांवर अजून वाद चालू आहे.

मी म्हटलं, मावशी, पानात अजून काय पाहिजे? मला वाटलं ती खाड्याचा रकाना मोठा करा म्हणेल. तिनं पान उलटसुलट केलं आणि वर बोट ठेवलं. तिथं आम्ही छापलं होतं, 'नाव', आणि पुढं एक ओळ. त्या ओळीवर मुलानं बापाचं नाव लिहिलं होतं. मुकादमाच्या वहीत तेच, उचलीच्या कागदावर तेच.

"कोयता दोघांचा असतोय," ती म्हणाली. "इथं दोन ओळी पाहिजेत."

परत येताना एसटीतूनच मित्राला फोन केला. त्यानं फाइल उघडून 'नाव' खोडलं आणि एकाखाली एक, सारख्या लांबीच्या दोन ओळी आखल्या. त्यामुळे खालची एक ओळ कमी होत होती, पंधराच्या चौदा. पंधरा दिवसांना पंधरा ओळी लागतातच. मग त्यानं वरचं आमच्या पाक्षिकाचं नाव छापायची जागा निम्मी केली आणि पंधरावी ओळ परत बसवली. तो प्रूफ परवा छपाईवाल्याकडे गेला आहे.